बांधकामावरची धूळ, धूर आणि कॅन्सर : पुण्यातले कामगार, ठेकेदार आणि घरचे लोक विचारतात ते प्रश्न

वारज्याच्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभे राहणारे बिगारी, हिंजवडी-वाघोलीच्या टॉवरवर पोटकंत्राटात काम करणारे फरशीवाले, रिडेव्हलपमेंटला निघालेल्या सोसायट्यांच्या कमिट्या आणि गावाकडून वडिलांचे रिपोर्ट पाठवणारी मुलं या सगळ्यांना पडणारे हे प्रश्न आहेत. उंचावरून पडणं, शॉक, स्लॅब कोसळणं हे विषय इथे घेतलेले नाहीत. ते लगेच दिसतात. इथे जे दिसायला वीस-तीस वर्षं लागतात त्याबद्दल बोलू.

बांधकामावर काम केलं की कॅन्सर होतोच का?

नाही. बहुतेकांना होत नाही. पण काही कामं वर्षानुवर्षं कोरडी, कोंडलेल्या जागेत आणि उघड्या नाकाने केली तर धोका नक्की वाढतो, मुख्यतः फुप्फुसाच्या कॅन्सरचा. शास्त्रज्ञांमध्ये यावर आता वाद नाही.

अडचण वेळेची आहे. आज छातीत गेलेल्या धुळीचा हिशेब पुष्कळदा वीस वर्षांनी लागतो, सिमेंटच्या पत्र्यांत असणाऱ्या अॅस्बेस्टॉस या तंतूचा तर तीस-चाळीस वर्षांनी. तोवर इमारतीत लोक राहायला येऊन त्यांची मुलं मोठी झालेली असतात, ठेकेदाराने धंदा बदललेला असतो आणि कामगार लातूरला, कलबुर्गीला किंवा बिहारला परतलेला असतो. मग केसपेपरवर ‘बिडी ओढतो’ एवढंच लिहिलं जातं. बावीस वर्षं ग्राइंडर चालवला, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

‘कॅन्सरकारक’ असं ठरवतं कोण?

जागतिक आरोग्य संघटनेची आयएआरसी ही संस्था. ती फ्रान्समधल्या लियाँ शहरात आहे. जगभरातले अभ्यास तपासून ती पदार्थांना गट देते. गट १ म्हणजे माणसात कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा आहे. २अ म्हणजे बहुधा होतो, २ब म्हणजे होण्याची शक्यता आहे. हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, पदार्थ किती जहाल आहे ते सांगत नाही. ऊन गट १ मध्ये आहे आणि अॅस्बेस्टॉसही गट १ मध्येच आहे. पण म्हणून दोन्हींचा धोका सारखा नाही. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या याद्यांमध्ये नेमकी हीच गोष्ट सुटते.

बांधकामाशी संबंध असलेल्या गट १ मधल्या गोष्टी पुष्कळ आहेत: स्फटिकी सिलिकाची धूळ, अॅस्बेस्टॉस, डिझेलचा धूर, लाकडाचा भुसा, वेल्डिंगचा धूर, रंगाऱ्याचं काम, कोलतार (दगडी कोळशापासून निघणारं डांबर), शुद्ध न केलेलं खनिज तेल.

सिलिका म्हणजे नेमकी कुठली धूळ? सगळ्याच धुळीत असते का?

वाळूतला जो चमकणारा कण असतो तो बहुतेकदा क्वार्ट्झ, म्हणजेच स्फटिकी सिलिका. वाळू हातात घेतली तर काही होत नाही. कटर, ब्रेकर किंवा ग्राइंडर त्या कणाचं इतकं बारीक पीठ करतो की ते डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाच्या केसांतही अडकत नाही. चार मायक्रॉनपेक्षा लहान कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. तिथे शरीर त्यांना पचवू शकत नाही, सूज कायम राहते, व्रण धरतात. त्याला सिलिकोसिस म्हणतात. याच वाटेवर फुप्फुसाचा कॅन्सर येतो आणि टीबीचा धोकाही वाढतो. आयएआरसीने ही धूळ १९९७ साली गट १ मध्ये टाकली.

अंगावर पांढरी होऊन बसलेली धूळ बघून लोक घाबरतात. खरी भीती तासाभराने उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसते त्या धुळीची आहे, आणि तिच्यातल्या न दिसणाऱ्या भागाची.

सगळ्यात धोक्याची कामं अशी: टाइल आणि ग्रॅनाइट कोरडं कापणं, वायरिंगसाठी भिंतीला झिऱ्या मारणं, काँक्रीट फोडणं, कोबा घासणं आणि दिवसाच्या शेवटी खराट्याने कोरडा मजला झाडणं.

पुण्याचा दगड तर काळा. त्याच्या खडीत आणि क्रश सँडमध्येही (दगड दळून केलेल्या वाळूत) सिलिका असते का?

हा प्रश्न पुण्यातच विचारला जातो आणि तो हुशारीचा आहे. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, दख्खनच्या लाव्ह्याचा दगड. त्यात मोकळा क्वार्ट्झ मुळातच कमी असतो. त्यामुळे राजस्थानच्या वालुकाश्म खाणीतली धूळ आणि मोशी-वाघोलीच्या खाणीतली धूळ यांना एकाच मापाने मोजू नये. शहाबादी फरशी, कोटा आणि कडप्पा हे चुन्याच्या जातीचे दगड. त्यांच्या धुळीतही सिलिका तुलनेने कमी असते.

पण त्यावर निश्चिंत व्हायचं कारण नाही. बेसॉल्टच्या पोकळ्यांत क्वार्ट्झ आणि गारेचे खडे भरलेले असतात. वाघोलीच्या खाणींतले स्फटिक तर जगभरच्या संग्राहकांकडे गेले आहेत. काँक्रीटमध्ये नुसती खडी नसते, वाळूही असते. आणि कमी सिलिकेच्या धुळीनेसुद्धा दम लागतो, जुनाट खोकला जडतो.

शिवाय आजच्या फ्लॅटमध्ये काळा पाषाण कापला जातोच कुठे? व्हिट्रिफाइड टाइल्स मोरबीहून येतात आणि त्यांच्या भुकटीत क्वार्ट्झ असतो. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये तो भरपूर असतो. (बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून मिळणारा दगड पुष्कळदा ग्रॅनाइट नसतोच, त्यात क्वार्ट्झ कमी असतो. दुकानदार हे सांगणार नाही, त्यालाही ठाऊक नसतं.) सगळ्यात वाईट म्हणजे ‘क्वार्ट्झचा ओटा’ म्हणून विकला जाणारा कृत्रिम दगड. त्यात ९० टक्क्यांपर्यंत आणि कधी त्याहूनही जास्त सिलिका असते. तो कापणारे पोरगेले कारागीर काही वर्षांतच सिलिकोसिसने आजारी पडू लागले, म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तो बनवण्यावर, पुरवण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली. आपल्याकडे मॉड्युलर किचनच्या जाहिरातीत तो दिमाखात मिरवतो. घरमालकांना आमचं म्हणणं एवढंच: हौस असेल तर घ्या, पण कापाकापी फॅक्टरीत पाण्याखाली होऊन येऊ द्या, तुमच्या बाल्कनीत नको.

पाणी मारून कापलं तर धोका जातो का?

जवळजवळ सगळी धूळ जागच्या जागी बसते. या पानावरची सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पाणी पात्याच्या टोकाशी, दगडाला पातं लागतं तिथेच पडलं पाहिजे. आधी टाइल भिजवून मग कोरडं कापलं तर फारसा फायदा नाही. पाण्याची सोय असलेले मार्बल कटर बाजारात मिळतात, त्यांना बारीक नळी जोडलेली असते. ती नसेल तर हेल्पर बाटलीच्या झाकणाला भोक पाडून धार धरतो. जुगाड आहे, पण चालतो. फक्त धार मध्येच थांबवायची नाही.

कामगारांची खरी हरकत शॉकची असते आणि ती रास्त आहे. ओल्या जागेत जोडलेल्या-तोडलेल्या वायरीवर कटर चालवणं म्हणजे कॅन्सर टाळताना जीव घालवणं. म्हणून ओलं कापायचं तर बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा, अखंड केबल हवी, नीट प्लग हवा. उघड्या वायरी सॉकेटमध्ये काडीने खोचायची पद्धत तिथे चालणार नाही. हे ठेकेदाराचं काम आहे, कटरवाल्याचं नाही.

भिंतीला झिऱ्या मारताना पाणी जमत नाही. तिथे पात्यावर झाकण असलेलं आणि व्हॅक्यूम जोडलेलं मशीन लागतं. ते महाग पडतं, पण मोठ्या साइटवर भाड्याने परवडतं. तेही शक्य नसेल तर निदान एका खोलीत झिऱ्या मारत असताना दुसऱ्या गड्याने तिथेच प्लास्टर करत बसू नये. धूळ एकाची आणि छाती चौघांची, असं साइटवर रोज घडतं. झाडण्याआधी पाणी शिंपडायला तर काहीच खर्च नाही.

मोजमाप हवं असेल तर अमेरिकेत आठ तासांच्या पाळीला सिलिकेची मर्यादा दर घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम आहे. बंद बाथरूममध्ये कोरडा कटर चालवला तर ती ओलांडायला फार वेळ लागत नाही.

रुमाल किंवा गमछा बांधला तर?

डोळ्यांत-तोंडात जाडी धूळ जात नाही, इतकंच. बारीक कण कापडातून आरपार जातात. सर्जिकल मास्कचंही तेच, कडेने हवा शिरते. एन-९५ मास्क लागतो, नाकाची पट्टी दाबून आणि दोन्ही पट्टे डोक्यामागे घेऊन. दाट दाढी असेल तर तो नीट बसत नाही. आणि मे महिन्यात चौथ्या मजल्यावर आठ तास मास्क लावून दाखवा म्हणणाऱ्या कामगाराचं बरोबर आहे. म्हणूनच मास्कचा नंबर शेवटचा. आधी पाणी, मग वारा, मग मास्क.

सिमेंटचे पत्रे धोक्याचे असतात म्हणतात. आमच्या घरावर तेच आहेत.

राखाडी, लाटेच्या आकाराचे ते पत्रे म्हणजे बहुतेक अॅस्बेस्टॉस सिमेंट. आत क्रायसोटाइल नावाचा तंतू असतो. छपरावर पत्रा शाबूत असेपर्यंत तंतू सिमेंटमध्ये बांधलेला राहतो, त्यामुळे आज रात्री घर सोडायची गरज नाही. धोका पत्रा कापताना, भोकं पाडताना, घासताना आणि फोडताना असतो. तो तंतू सुईसारखा उभा चिरला जातो, छातीत जातो आणि तिथेच राहतो. त्यातून फुप्फुसाचा कॅन्सर होतो, मेसोथेलिओमा म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर होतो, स्वरयंत्राचा आणि स्त्रियांमध्ये बीजांडकोशाचाही होतो. कामगाराचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत.

अनेक देशांनी अॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली आहे. भारतात खाणकाम थांबलं, पण आयात आणि पत्रे बनवणं चालू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५च्या निकालात अॅस्बेस्टॉस उद्योगांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर जपायला सांगितलं. कारखान्यातल्या कामगारासाठी निदान कागदावर ही तरतूद आहे. तोच पत्रा छपरावर चढून हातोडीने फोडणाऱ्या रोजंदारीच्या माणसाची नोंद कुठेच होत नाही.

पुण्यात आज हा प्रश्न नव्या बांधकामापेक्षा पाडकामात मोठा आहे. कोथरूड, एरंडवणे आणि पेठांमध्ये जुन्या इमारती उतरवल्या जातायत. गच्चीवरची शेड, पार्किंगचं छप्पर, पावसाच्या पाण्याचे जुने राखाडी पाइप, यांत अॅस्बेस्टॉस असू शकतं. सोसायटीच्या कमिटीने कॉर्पस फंडावर जितका वाद घातला त्याच्या दहाव्या हिश्शाने तरी हे विचारावं: पाडकामाच्या आधी पत्रे वेगळे काढणार का? पत्रा भिजवून, बोल्ट सोडवून अख्खा उतरवायचा; फोडायचा नाही, वरून टाकायचा नाही. जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वेगळा ठेवायचा, राडारोड्याच्या डंपरमध्ये मिसळायचा नाही.

शटरिंगच्या (स्लॅब ओतायच्या साच्याच्या) प्लेटला आम्ही जळकं ऑइल लावतो. त्याचं काय?

याबद्दल फार कमी लोक विचारतात, विचारायला मात्र हवं. गॅरेजमधून आणलेल्या वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये जळण्यातून तयार झालेली कॅन्सरकारक रसायनं साठलेली असतात. शुद्ध न केलेलं खनिज तेल कातडीच्या कॅन्सरसाठी गट १ मध्ये आहे. सेंट्रिंगचे लोक ते फडक्याने, उघड्या हाताने लावतात, तेच फडकं खिशात कोंबतात आणि तेलकट पँट आठवडाभर घालतात. मांडी आणि जांघेच्या कातडीला तेल लागून राहतं. लंडनच्या पर्सिव्हल पॉट या सर्जनने १७७५ साली धुरांडी साफ करणाऱ्या पोरांच्या वृषणाच्या कातडीचा कॅन्सर काजळीशी जोडला होता. कामातून होणाऱ्या कॅन्सरची सुरुवातीची नोंद तीच. अडीचशे वर्षांनी आपण तसलीच चूक ब्रशऐवजी फडकं वापरून करतो. तयार शटरिंग ऑइल मिळतं, ते घ्या, लांब दांड्याच्या रोलरने लावा आणि रबरी हातमोजे घाला.

रंगारी, सुतार, वेल्डर यांना काय धोका?

रंगाऱ्याचा अख्खा व्यवसायच गट १ मध्ये आहे, फुप्फुस आणि मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी. थिनर, जुने रंग खरवडणं, लांबी (पुट्टी) घासताना उडणारी धूळ असं सगळं एकत्र येतं. घरगुती रंगातल्या शिशाला १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आहे, पण जुन्या वाड्याच्या दारावरचे थर त्याआधीचे असतात. ते कोरडे घासू नयेत. थिनरने हात धुणं सोडा, साबण आणि गोडं तेल पुरतं. लघवीतून न दुखता रक्त आलं तर ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा पीत बसू नका, तपासा.

सुताराला भुशामुळे नाकाचा आणि सायनसचा कॅन्सर होऊ शकतो. तो दुर्मीळ आहे, पण त्याचा संबंध पक्का आहे. प्लाय आणि एमडीएफच्या गोंदात फॉर्मल्डिहाइड असतं, त्यामुळे कोंडलेल्या फ्लॅटमध्ये मशीनकाम नको. एकाच नाकपुडीतून सारखं रक्त येत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

वेल्डिंगचा धूर २०१७ साली गट १ मध्ये आला. स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगचं काम जास्त वाईट, कारण त्या धुरात क्रोमियम आणि निकेल असतं.

डांबर आणि डिझेल?

डिझेलचा धूर २०१२पासून गट १ मध्ये आहे. उघड्यावरच्या जेसीबीपेक्षा बेसमेंटमध्ये चालणारा जनरेटर आणि पाणी उपसणारा डी-वॉटरिंग पंप जास्त त्रासाचा. तो बाहेर काढा, पाइप लांब करा. रस्त्याचं साधं डांबर २ब मध्ये आहे, छपराच्या वॉटरप्रूफिंगसाठी वापरतात ते ऑक्सिडाइज्ड डांबर २अ मध्ये आणि कोलतार थेट गट १ मध्ये. जितकं जास्त तापवाल तितका धूर जास्त.

ऊन आणि सिमेंट?

आपल्या सावळ्या कातडीला उन्हाने होणारा कॅन्सर फार कमी होतो. उन्हातली तातडीची भीती उष्माघाताची आहे. ओल्या सिमेंटने हातापायाला खाज, भेगा आणि इसब होतो. तो क्रोमियमच्या अॅलर्जीचा आणि चुन्याच्या दाहाचा त्रास आहे, कॅन्सर नाही. गमबूट आणि हातमोजे घाला.

खरा गुन्हेगार तंबाखूच ना? मग साइटला कशाला दोष?

ठेकेदारांचा हा आवडता प्रश्न. तंबाखू मोठा गुन्हेगार आहेच. तोंडाचा कॅन्सर बांधकामाच्या धुळीपेक्षा मळलेल्या तंबाखूने, गुटख्याने आणि बायकांच्या मिश्रीने होतो, यात शंका नाही. गुटखाबंदी २०१२ला झाली आणि पुड्या अजून साइटच्या कोपऱ्यात पडलेल्या दिसतात.

पण फुप्फुसाच्या बाबतीत बिडी आणि धूळ एकमेकींना जोर देतात. अमेरिकेतल्या इन्सुलेशन कामगारांवरच्या १९७९च्या अभ्यासात नुसत्या अॅस्बेस्टॉसने फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा धोका सुमारे ५ पट, नुसत्या सिगारेटने सुमारे ११ पट आणि दोन्ही मिळून ५० पटींहून जास्त निघाला. म्हणजे बिडी ओढणाऱ्या माणसाला धुळीपासून जास्त जपायला हवं. त्याच्या बिडीकडे बोट दाखवून कटरला पाणी न देणं, हा हिशेब उलटा आहे.

बिगारी बायकांना धोका कमी असतो का?

हातात कटर नसतो म्हणून तसं वाटतं. पण सिमेंटच्या गोण्या फोडणं, राडारोडा भरणं आणि कोरडं झाडणं ही सगळी धुळीची कामं त्यांच्याकडेच असतात, आणि मास्क वाटले जातात तेव्हा आधी मिस्त्रींना मिळतात. लहान मूल साडीच्या झोळीत जिथे टांगलेलं असतं, ती जागा कापाकापीपासून लांब आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला हवी.

खोकला आहे. कुठे जाऊ, काय सांगू?

दोन-तीन आठवड्यांहून जास्त खोकला, थुंकीतून रक्त, वजन उतरणं, जिना चढताना आधी लागत नव्हता असा दम, आवाज बसून राहणं, यांतलं काहीही असेल तर थांबू नका. ससून किंवा औंधच्या उरो रुग्णालयात दाखवा. पहिली तपासणी टीबीची होईल आणि ती व्हायलाच हवी. पण टीबीचं औषध पूर्ण करूनही बरं वाटत नसेल, किंवा थुंकीत जंतू सापडतच नसतील, तर स्वतःहून सांगा: “मी इतकी वर्षं टाइल कापतो, सिलिकोसिस बघा.” डॉक्टर गर्दीत असतात, काम विचारायचं राहून जातं.

कॅन्सर लवकर पकडायला साधा एक्स-रे पुरत नाही, त्यात गाठ बरीच मोठी झाल्यावर दिसते. म्हणून आरोग्य तपासणीच्या कॅम्पमध्ये ‘एक्स-रे नॉर्मल’ आला तरी लक्षणं असतील तर सीटी स्कॅनबद्दल विचारा.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, कॅन्सरचे उपचार त्यात येतात. परराज्यातल्या कामगाराकडे आयुष्मान कार्ड असेल तर ते पुण्यातल्या योजनेत असलेल्या रुग्णालयातही चालतं.

बांधकाम कामगार म्हणून नोंदणी केली तर काय मिळतं?

वय १८ ते ६० आणि गेल्या वर्षभरात ९० दिवस बांधकामाचं काम, एवढी अट आहे. ही नोंदणी महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे होते. मंडळाकडे जाणारा पैसा बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकरातून येतो, म्हणजे तो तुमच्याच कामावर गोळा झालेला आहे. लोक पेटी आणि भांड्यांसाठी रांग लावतात. गंभीर आजाराच्या उपचारासाठी १ लाखापर्यंत मदत मिळते हे मात्र कमी जणांना ठाऊक असतं. नूतनीकरण चुकलं तर ऐन आजारपणात अर्ज अडतो, ती तारीख सांभाळा. देशात २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत चाळिशीपुढच्या कामगाराची मालकाने दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी करायची, असं आहे.

कॅन्सर कामामुळे झाला हे सिद्ध करून भरपाई मिळते का?

कायद्यात जागा आहे. भरपाईच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत सिलिकोसिस, अॅस्बेस्टॉसिस (अॅस्बेस्टॉसने फुप्फुसात व्रण धरणं), अॅस्बेस्टॉसने होणारा फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा, तसंच डांबर आणि खनिज तेलाने होणारा कातडीचा कॅन्सर आहे. पण नाक्यावरून रोज वेगळ्या माणसाबरोबर जाणाऱ्याने मालक कुणाला म्हणायचं? इथेच बहुतेक दावे सुरू व्हायच्या आधी संपतात.

म्हणून पुरावा आजपासून जमवा. एक साधी वही पुरे: कुठली साइट, कुणाचा ठेका, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, काय काम (टाइल कापली, झिऱ्या मारल्या, पत्रे उतरवले), ओलं की कोरडं, सोबत कोण होतं. साइटच्या फलकाचा फोटो काढा, त्यावर बिल्डरचं नाव आणि रेरा क्रमांक असतो. हजेरी कार्ड, ९० दिवसांचे दाखले, मुकादमाने पगार टाकल्याचे फोन पेचे मेसेज, जुने एक्स-रे यातलं काही टाकू नका. वही पुण्यातल्या खोलीवर ठेवू नका, दर दोन महिन्यांनी पानांचे फोटो गावी घरच्यांना पाठवत जा. खोल्या बदलतात तशी कागदपत्रं हरवतात.